थ्रिफ्ट स्टोअरमधून थंडीचे कपडे: आधी कापड बघा, मग किंमत

गारवेल (मिनेसोटा) | २ ऑगस्ट, रात्री ९:४०

दर वर्षी या दिवसांत मंडळाच्या ग्रूपवर तोच प्रश्न येतो. मुलगा किंवा मुलगी शिकायला येते आहे, थंडीचे कपडे भारतातून आणायचे की इथे घ्यायचे? उत्तरात दुकानांची नावं येतात, पण त्या दुकानात शिरल्यावर काय करायचं ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

मी थ्रिफ्ट स्टोअरबद्दल लिहिते आहे, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वापरलेल्या वस्तूंची दुकानं. गुडविल, साल्व्हेशन आर्मी, सेव्हर्स ही नावं अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दिसतील, शिवाय प्रत्येक गावात एखादं स्थानिक दुकान असतंच. इथे उत्तम लोकरीचे कोट, पिसांची जॅकेटं, काश्मिरी लोकरीचे स्वेटर नव्याच्या अगदी थोड्या किमतीत मिळतात. तरीही आपली बरीच मुलं रिकाम्या हाताने परत येतात, कारण ती ब्रँडची नावं शोधत फिरतात. नव्या कपड्यांच्या दुकानात कुणीतरी आपल्यासाठी माल आधीच निवडून ठेवलेला असतो. इथे ते काम आपलं आहे, आणि त्यासाठी कापड ओळखता आलं पाहिजे.

घरून निघण्याआधी आपल्याला नीट बसणारा एखादा शर्ट आणि एखादं जॅकेट पलंगावर पसरून मोजा. खांदा, छाती, बाहीची लांबी, उंची. पँटची कंबर आणि आतली शिवण. हे आकडे फोनमध्ये ठेवा आणि मापाची टेप पर्समध्ये. लेबलवरच्या साइझवर विसंबू नका. अमेरिकेत बायकांच्या कपड्यांचे नंबर गेल्या काही दशकांत सैलावत गेले आहेत, त्यामुळे जुन्या कोटावर १२ लिहिलं असेल तर तो आजच्या ६ किंवा ८ च्या जवळपासही असू शकतो. शिवाय सुती आणि लोकरी कपडा आधीच्या मालकाच्या ड्रायरमध्ये आटलेला असू शकतो. टेप खोटं बोलत नाही. आपल्याकडच्या बारीक चणीच्या मुलांनी पुरुषांच्या विभागाबरोबर 'बॉइज'चा मोठ्या मापांचा रॅकही बघावा. बायकांनीसुद्धा. तिथे किंमत कमी असते.

दुकानात गेल्यावर डोळ्यांनी शोधू नका, हाताने शोधा. रॅकच्या कडेकडेने चालत बाह्यांवरून हात फिरवत जायचं. लोकर, रेशीम, चांगलं सूत, लिनन हाताला वेगळं लागतं. थोड्याच वेळात सवय होते आणि हात आपोआप थांबतो. थांबला की लेबल वाचा. कपड्यात कोणता धागा किती टक्के आहे हे लेबलवर छापणं अमेरिकेत कायद्याने सक्तीचं आहे. लोकरीसाठी १९३९ चा कायदा आहे, बाकीच्या कापडांसाठी १९५८ चा, जो १९६० पासून लागू झाला. ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉन असा ओव्हरकोट टिकाऊ असतो, तो बेधडक घ्यावा. लोकरीसारखा दिसणारा पूर्ण अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर मात्र इथल्या थंडीत फारसा उपयोगाचा नाही. त्यातून वारा जातो आणि त्यावर लवकर गोळे येतात. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते, हा तिचा मोठा गुण.

मग कपडा दिव्याखाली न्या. फोनचा टॉर्च आतून लावा म्हणजे कसरीने (लोकर खाणाऱ्या किड्याने) पाडलेली बारीक भोकं लगेच दिसतात. कुठे बघायचं? कॉलरच्या खाली, बगलेत, कोपरावर, बाहीच्या कडेला, पँटच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला. चेन दोनदा पूर्ण वरखाली करा. इलॅस्टिक ताणून बघा, कुरकुर असा आवाज आला तर त्यातलं रबर मेलेलं आहे. स्वेटर जाड, ताठ झाला असेल आणि टाके वेगवेगळे दिसत नसतील तर तो गरम पाण्यात आटलेला आहे. पूर्वीच्या मापात तो परत येत नाही.

पिसांचं जॅकेट घेताना एक कप्पा मुठीत दाबा आणि सोडा. ते हळूहळू वर फुगून आलं पाहिजे. खाली गोळे जमले असतील तर घाबरू नका. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये धुऊन, ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर टेनिसचे दोन-तीन बॉल टाकून वाळवलं की बहुतेक वेळा पिसं मोकळी होतात. पण शिवणीतून काटे बाहेर येत असतील, तेलकट वास असेल, किंवा उजेडात धरल्यावर कप्पे रिकामे दिसत असतील तर ठेवून द्या. आत ५५०, ६५०, ८०० असा आकडा कधी कधी लिहिलेला असतो. आकडा जितका मोठा तितकी पिसं जास्त फुगतात, म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त ऊब.

आणखी एक. लेबलवर आरएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) आणि पुढे आकडा असतो. फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तो टाकला की कपडा कोणत्या कंपनीने बनवला किंवा आणला ते कळतं. ब्रँडची चिठ्ठी कापलेली असली की याचा फार उपयोग होतो.

आणि काय अजिबात घेऊ नये: सालं निघायला लागलेलं नकली लेदर, आतून चिकट झालेलं किंवा कोंडा पडणारं रेनकोटचं कापड. दोन्ही दुरुस्त होत नाहीत. हेल्मेटही नको, कारण त्याला आधी धक्का बसला आहे का ते बाहेरून कळत नाही.

केव्हा जायचं? आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी. ऑक्टोबरमध्ये हॅलोविनच्या पोशाखांसाठी दुकानं भरलेली असतात, तेव्हा कोट शोधणं अवघड. ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी सप्टेंबर सोडू नये. ३१ डिसेंबरच्या आत दान केलं तर त्या वर्षीच्या करात सूट घेता येते, म्हणून वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात भरपूर सामान येतं आणि जानेवारीत रॅक भरलेले दिसतात. विद्यापीठाच्या गावांत मे महिन्यात मुलं खोल्या सोडतात तेव्हाही तसंच. बऱ्याच दुकानांत किमतीच्या चिठ्ठ्या रंगीत असतात आणि दर आठवड्याला एका रंगावर मोठी सूट असते. आत शिरतानाच रंग विचारून घ्या. आमच्या मिनेसोटात कपड्यांवर विक्रीकर नाही, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातही सहसा नाही.

तुमचे अनुभव लिहा.

मधुमालती_७ (टेक्सास) | २ ऑगस्ट, रात्री १०:२५

फार उपयोगी लिहिलं आहेस. माझी शंका ढेकणांची. इथल्या ढेकणांबद्दल इतकं वाचलं आहे की वापरलेला कोट घरात आणायचा धीर होत नाही. आणि सासूबाई आल्या आहेत, त्यांना 'कुणाचं असेल, कुठल्या माणसाचं असेल' हा विचार सोडवत नाही. त्यांचं मन मोडायचं नाही. काय करता तुम्ही?

गारवेल | २ ऑगस्ट, रात्री ११:०५

ढेकणांवर उष्णता हाच उपाय. पिशवी घरात न उघडता थेट ड्रायरमध्ये रिकामी करायची आणि जास्तीत जास्त उष्णतेवर कमीत कमी अर्धा तास फिरवायचं. ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात. धुणं त्यानंतर.

लोकर आणि रेशीम मात्र ड्रायरमध्ये टाकता येत नाही. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवायचं. फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअसवर हवा आणि कपडा चार दिवस आत राहायला हवा. याने कसरसुद्धा मरते. जागा नसेल तर सरळ ड्रायक्लीनिंगला द्या. दुकानातच शिवणी, कॉलरची घडी आणि खिशांचे कोपरे बघा. काळे ठिपके दिसले तर तो कपडा तिथेच सोडायचा.

डांबरगोळ्यांचा वास धुऊन जात नाही. तो हवेवर जातो. कपडा सावलीत, वारा लागेल असा टांगून ठेवायचा, आठवडा लागो की दोन. सासूबाईंबद्दल मी काय सांगणार, पण धुऊन, वाफेची इस्त्री करून, नव्या हँगरला लावून दाखव. बऱ्याच जणींचा विरोध वासाला आणि सुरकुत्यांना असतो.

कातरकाम (इचलकरंजी / सध्या ओहायो) | ३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

आमच्या घरी तीन पिढ्या शिवणकाम. मी स्वतः इथे दुसरं काम करतो, पण मशीन घरात आहे. गारवेल यांनी कापडाचं लिहिलं, मी शिवणीचं लिहितो. वापरलेला कपडा घेताना 'हा आत्ता बसतो का' एवढंच बघू नका, 'हा बसवता येईल का' तेही बघा.

खांदा आणि मुंढा (बाही जोडतात तो बगलेचा घेर) बसत नसेल तर कोट कितीही सुंदर असो, ठेवून द्या. खांदा कमी करायचा म्हणजे बाही पूर्ण उसवायची, पॅडिंग काढायचं, मुंढा परत कापायचा. तेवढ्या मजुरीत इथे दुसरे दोन कोट येतील. बाहीची लांबी कमी करणं सोपं आहे, पण बाहीच्या टोकाला खरी काजं असतील तर नाही. कंबर आत घेणं सोपं. पँटची उंची सोपी. कोटाची उंची कमी केली की खिसे खाली आल्यासारखे दिसतात, त्या भानगडीत पडू नका.

वाढवायचं असेल तर आतली माया, म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जादाचं कापड, बघा. पुरुषांच्या फॉर्मल पँटला मागच्या मधल्या शिवणीत चांगली माया ठेवलेली असते, कंबर तिथून सोडता येते. जुन्या कपड्यांत माया जास्त सापडते, आताच्या स्वस्त कपड्यांत ओव्हरलॉकच्या पलीकडे कापडच नसतं. पँटची उंची वाढवताना खालची दुमड उसवून बघा. सुती कापड विटलेलं असेल तर जुन्या घडीची रेघ जन्मभर राहते.

चांगल्या शिवणीची खूण काय? चौकडीचं कापड असेल तर बाजूच्या शिवणीवर आणि खिशावर चौकडी जुळलेली असते. न जुळवता कापलं तर कापड वाचतं, म्हणून स्वस्त कारखाना ते जुळवत नाही. काजाचे टाके दाट असतात. आत बाजूच्या शिवणीला जादाचं बटण लावलेलं असतं. अस्तर बगलेत उसवलेलं असेल तर ते दोष मानू नका, दहा मिनिटांची हाताची शिवण आहे. त्याच्यामुळे किंमत कमी झाली असेल तर तुमचा फायदाच.

भोकांचं असं आहे. जाड, लव असलेल्या लोकरी कोटावर रफू लपून जातो. विणलेल्या स्वेटरला दोन-चार टाके पकडून भोक बंद करता येतं. पातळ, गुळगुळीत सूटच्या कापडावर मात्र रफू दिसतो, तिथे भोक असेल तर सोडा. गुडघ्यावर किंवा बसायच्या जागी कापडाला चकाकी आली असेल तर ती झीज आहे, इस्त्रीने जात नाही.

लेबल नसेल आणि लोकर आहे की नाही हे कळत नसेल, तर घरी आल्यावर आतल्या शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून जाळा. लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हे दुकानात करायचं नाही, घरी, सिंकजवळ.

मधुमालती_७ | ३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

कातरकाम, तुमचा प्रतिसाद छापून कपाटाच्या दाराला लावते आहे.

वाटसरू (न्यू जर्सी) | ३ ऑगस्ट, दुपारी १२:३०

माहिती चांगली आहे, पण एक गोष्ट मला पटत नाही आणि ती मांडायला हवी. ही दुकानं कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडावं म्हणून आहेत. दोन पगार येणारी घरं तिथे जाऊन काश्मिरी स्वेटर उचलतात. त्यात आता पुन्हा ऑनलाइन विकायला गाड्या भरून नेणारे लोक. मागणी वाढली की किमती वाढतात. मग ज्याला खरंच गरज आहे त्याने कुठे जायचं? शिकायला आलेल्या मुलांचं मी समजू शकतो, त्यांच्याकडे पैसे नसतात. पण नोकरीवाल्यांनी?

गारवेल | ३ ऑगस्ट, दुपारी १:४५

वाटसरू, प्रश्न योग्य आहे. मी माझी बाजू सांगते.

गुडविलची सुरुवात १९०२ मध्ये बॉस्टनमध्ये झाली. एडगर हेल्म्स नावाचे धर्मोपदेशक श्रीमंत वस्त्यांतून जुनं सामान गोळा करायचे, गरीब लोकांना ते दुरुस्त करायचं काम द्यायचे आणि मग ते विकायचे. म्हणजे विक्रीतून रोजगार हे पहिल्यापासूनचं गणित आहे. आजही विक्रीच्या पैशांतून नोकरीचं प्रशिक्षण चालतं. गिऱ्हाईक जास्त आलं तर त्या कामाला पैसा मिळतो. आणि दान इतकं येतं की सगळं दुकानात विकलं जातच नाही, उरलेलं वजनावर विकलं जातं, परदेशी जातं किंवा चिंध्या होऊन जातं. मी एक लोकरी कोट घेतला म्हणून मागच्या माणसाला कोट मिळाला नाही, असं सहसा होत नाही.

पण फरक केला पाहिजे. चर्चमध्ये किंवा समाजसंस्थांत मोफत कपड्यांच्या खोल्या असतात. त्या गरजूंसाठीच आहेत, परवडत असेल तर तिथे जाऊ नये. हे मी मुलांनाही सांगते.

वाटसरू | ३ ऑगस्ट, दुपारी २:२०

हा फरक मान्य. तरी लहान मुलांच्या स्नो पँट आणि बर्फाचे बूट याबाबत मी ठाम आहे. ते आधीच कमी येतात आणि पहिल्या बर्फाआधी संपतात. ज्याला नवं परवडतं त्याने ते रॅकवर राहू द्यावं. आणि आपल्या मुलांना होईनासे झालेले पहिल्या बर्फाआधी, सप्टेंबरमध्येच दान करावेत, मार्चमध्ये नाही.

गारवेल | ३ ऑगस्ट, दुपारी २:३५

याला पूर्ण अनुमोदन. सप्टेंबरचं विशेष लक्षात ठेवावं सगळ्यांनी.

टेम्सकाठ (इंग्लंड) | ३ ऑगस्ट, दुपारी ४:१०

इकडे चॅरिटी शॉप. ऑक्सफॅमची स्थापना १९४२ ची, आणि ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरचं त्यांचं दुकान चाळिसच्या दशकातच सुरू झालं. आता कुठल्याही गावच्या मुख्य रस्त्यावर ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, बर्नार्डोज, कॅन्सर रिसर्च अशी चार-पाच दुकानं ओळीने सापडतात, त्यामुळे एका फेरीत सगळी बघून होतात. अमेरिकेतल्यासारखी प्रचंड नाहीत, छोटी असतात, पण माल आधीच निवडून लावलेला असतो.

इथे एक गोष्ट चालते. ज्या गावात वयस्कर, सुखवस्तू लोक राहतात तिथली दुकानं गाठा. आगगाडीने अर्धा तास जावं लागलं तरी चालेल. जुने, जड, ब्रिटिश लोकरीचे कोट आणि ट्वीडची जॅकेटं तिथे मिळतात. माझ्याकडे असलेलं ट्वीडचं जॅकेट माझ्यापेक्षा वयाने मोठं असावं आणि अजून कोपरापर्यंत शाबूत आहे.

दान करणाऱ्यांसाठी: तुम्ही यूकेत कर भरत असाल तर गिफ्ट एडचा अर्ज भरा. तुमचे कपडे विकून आलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स जास्त मिळतात. तुम्हाला काही द्यावं लागत नाही.

घासाघीस करू नका. काउंटरवर बहुतेक वेळा स्वयंसेवक असतात.

आजोळ (पुणे) | ४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मुलींनो, मुलांनो, तुमचं वाचून फार बरं वाटलं. वापरलेले कपडे आपल्याला परके नव्हते. बाळ जन्मलं की त्याला नव्या कपड्यात गुंडाळत नसत. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून त्याची दुपटी व्हायची, आणि आधीच्या सशक्त मुलाचं झबलं मुद्दाम मागून आणायचे. धाकट्याने थोरल्याचे कपडे वापरायचे यात कमीपणा नव्हता. नऊवारी विरली की परकर, परकर विरला की गोधडी. मधुमालती, तुझ्या सासूबाईंना हे आठवत असेल, त्यांच्याशी या बाजूने बोलून बघ.

बोहारीण दारात यायची ती बहुतेक देवीपूजक समाजातली. भांड्याच्या बदल्यात कपडे घ्यायची. प्रत्येक कपडा उजेडात धरून, काठ ओढून, बगल बघून ती किंमत ठरवायची. तुम्ही वर जे लिहिलं आहे ते सगळं तिच्या बोटांत होतं. ते कपडे मग धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात विकले जायचे. मजुरी करणाऱ्या कितीतरी घरांचे कपडे तिथून आले. तिच्या कष्टांची आपण कधी नीट दखल घेतली नाही याची मला खंत आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही कपड्यांचे ढीग असायचे.

हिवाळ्यात तिबेटी लोक रस्त्यावर स्वेटर लावतात, ते जुने असतात असा पुष्कळांचा समज आहे. ते नवे असतात, बरेचसे लुधियानाचे. तो गैरसमज जावा म्हणून लिहिते.

रेशीमगाठ (कॅलिफोर्निया) | ४ ऑगस्ट, सकाळी ९:५५

विषय थंडीचा आहे, पण आजोळ ताईंनी लुगड्याचं काढलं म्हणून विचारते. इथल्या मराठी ग्रूपवर वापरलेल्या पैठण्या विकायला येतात. एकदा नेसून ठेवलेल्या असतात असं सांगतात. घ्यावी का? काय बघावं?

आजोळ | ४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

घ्यावी की! लग्नात एकदा नेसून कपाटात पडून राहण्यापेक्षा कुणाच्या अंगावर आली तर साडीचंही सोनं होतं.

पदर उलटा करून बघ. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरावरची मोरांची, मुनियांची नक्षी मागूनही जवळपास तशीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरता विणलेला असतो. मागे मोकळे लोंबते धागे किंवा कापलेल्या धाग्यांची लव दिसली तर ती यंत्रावरची आहे. यंत्रावरची वाईट असं नाही, पण तिला हातमागाची किंमत देऊ नये. ऑनलाइन घेताना पदराच्या उलट्या बाजूचा फोटो मागायचाच.

मग घड्या बघ. रेशीम फाटतं ते घडीवर. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली साडी उलगडून उजेडात धरली की घडीच्या रेषेवर उभे बारीक चिरे दिसतात. तिथे सुरू झालं की थांबत नाही. तशी साडी नेसायला घेऊ नये, पण काठपदर काढून ब्लाउजला किंवा मुलीच्या परकर-पोलक्याला घेता येते, अर्थात तशा किमतीत. जरीचे धागे काळे पडले आहेत का बघ. अत्तर आणि घाम लागलेल्या जागी ते आधी काळे पडतात. घरी आणल्यावर मऊ सुती कापडात गुंडाळून ठेव आणि अधूनमधून घडी बदल. डांबरगोळी जरीला लागू देऊ नकोस.

नैरोबीहून | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

मी या साखळीच्या दुसऱ्या टोकाला राहतो म्हणून लिहितो. तुमच्या दुकानांत न विकलेले कपडे गठ्ठे बांधून आफ्रिकेत येतात. इथल्या गिकोंबा बाजारात ते गठ्ठे रोज फुटतात. विक्रेते गठ्ठा न उघडता विकत घेतात, आत काय निघेल ते त्यांचं नशीब. चांगलं निघालं तर घर चालतं. फाटकं, डागाळलेलं निघालं तर तो पैसा बुडाला, आणि ते कापड शेवटी कचऱ्यात. घानाच्या अक्रा शहरातल्या कंटामांटो बाजाराची गोष्ट तीच.

कपडे विकत घेताना जेवढं बारकाईने बघता तेवढंच दान करताना बघा, एवढी विनंती. धुतलेला, बटणं असलेला, चेन चालणारा कपडाच पिशवीत घाला. भारतातही तेच. गूंज ही संस्था १९९९ पासून शहरांतले वापरलेले कपडे गावांत पोचवायचं काम करते. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्या लोकांनी विहीर, रस्ता, बांध असं स्वतः ठरवलेलं काम करायचं आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे, अशी त्यांची पद्धत आहे. त्यांच्याकडेही अंगावर घालता येईल असंच कापड द्यावं.

नवा_गडी (नाशिक) | ५ ऑगस्ट, रात्री ८:१५

मी दोन आठवड्यांनी मिनियापोलिसला एम. एस. साठी येतोय. सगळा धागा वाचला. आईने एक जाड जॅकेट घेऊन ठेवलं आहे आणि अजून स्वेटर घ्यायचं म्हणतेय. गारवेल ताई, नेमकं काय आणू आणि काय तिथे घेऊ? आणि बूट वापरलेले घ्यावेत का?

गारवेल | ५ ऑगस्ट, रात्री ९:००

स्वागत! आईला सांग की अंगावर घालायचे आतले कपडे, थर्मल आणि लोकरी मोजे यांवर खर्च करा. हे तिकडून नवेच आण, कारण हे वापरलेले घ्यायचे नसतात. तिने घेतलेलं जॅकेट ऑक्टोबरपर्यंत आणि नंतर कोटाच्या आत नक्की लागेल, ते आण. अजून स्वेटर घेऊन बॅगेचं वजन वाढवू नकोस.

इथे आल्यावर या क्रमाने घे: पहिला गुडघ्यापर्यंत येणारा, टोपी असलेला पिसांचा कोट. इथे जानेवारीत तापमान उणे २५ अंश सेल्सिअसपर्यंत जातं आणि बसची वाट बघताना मांड्या गारठतात, म्हणून कमरेपर्यंतचं जॅकेट पुरत नाही. दुसरा लोकरीचा किंवा काश्मिरी स्वेटर, गोल गळ्याचा, म्हणजे आत शर्ट बसतो. तिसरा मफलर. मफलर फार स्वस्त मिळतात आणि त्यांत खरी लोकर पुष्कळ सापडते. हातमोजे बोटं एकत्र असलेले घे, वेगवेगळ्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा ते जास्त गरम राहतात. कोट घालून बघताना आत जॅकेट घालून बघ आणि दोन्ही हात समोर, मग वर कर. पाठीवर ताण आला तर एक माप मोठा बघ.

बुटांबद्दल कातरकाम जास्त नीट सांगतील.

कातरकाम | ५ ऑगस्ट, रात्री १०:४०

बूट न घालता दीर्घकाळ पडून राहिले असतील तर वरून नवे दिसतात, पण पॉलियुरेथेनचा (फेसासारख्या मऊ प्लॅस्टिकचा) सोल हवेतल्या ओलाव्याने आतून सडत जातो. बाहेर पडल्यावर चालता चालता त्याचे तुकडे होतात. म्हणून अंगठ्याने सोलची कड जोरात दाबायची आणि बूट मधोमध वाकवायचा. चिरा दिसल्या किंवा कोंडा निघाला तर नको. अखंड रबराचा सोल आणि वर चामडं असेल तर बिनधास्त. आतला पाय ठेवायचा भाग काढता येतो का बघ. येत असेल तर तो टाकून नवा बसवायचा. टाच एका बाजूला झिजलेली असेल तर तोही घेऊ नको, आधीच्या माणसाच्या चालीचा कल तुझ्या गुडघ्याला लागेल. आणि घालून बघताना जाड लोकरी मोजा पायात असू दे, घरून निघतानाच खिशात टाक.

नवा_गडी | ५ ऑगस्ट, रात्री ११:१०

धन्यवाद दोघांनाही. टेप आणि मोजे हँडबॅगेतच ठेवतो. २० तारखेला पोचतोय, त्यानंतरच्या बुधवारी सकाळी दुकानात जाईन म्हणतो.

गारवेल | ५ ऑगस्ट, रात्री ११:२५

पोचलास की मला निरोप कर. मीही येते, पहिल्या वेळी कापड हातात घेऊन दाखवलेलं बरं पडतं. आणखी कुणी नवीन येत असेल तर इथेच लिहा, एकाच गाडीने जाऊ.